आत्या, तुम्ही कोणाच्या बाजूनं होत्या

आत्या, तुमच्या फोटोले तुमच्या लेकीनं, मंगलाताईनं, एवढा मोठा हार आणला की तुमचं अर्धं तोंड झाकून गेलं, नुसते डोळे दिसतात, आणि ते डोळे मी जिकडं जाते तिकडं येतात. मी हार थोडा खाली सरकवला तर ताईनं परत वर केला. ते काहून केलं असंल, हे माझ्या मनात आलंच. आजकाल मले सगळ्याचंच काहून येतं. कोणी आपल्या मनानं चहा आणून दिला तरी मी आधी देणाऱ्याच्या तोंडाकडं पाहते, मंग कपाकडं.

तुमची तेरवी झाली. लोकं चांगलं बोलले. कोणी म्हणे, लग्नाघरी मांडे करावे तर याच बाईनं, कोणी म्हणे, तोंडानं फटकळ पण मनानं साफ. मी वाढत होते आणि ऐकत होते आणि मनात एकच चाललं होतं, मनानं साफ होती का? या बाईनं मले खरं सांगतलं का लेकासाठी मले बांधून ठेवलं? गेलेल्या सासूबद्दल असं मनात आणू नये, मले माहीत हाय. पण मी आठवीतून शाळा सोडलेली, मले आत एक आणि वर एक ठेवता येत नाही. आणि विचारू कोणाले? ज्याचं उत्तर पाहिजे ती तुम्हीच.

तुमच्या लेकाले फारकत पाहिजे, हे काही लपलेलं नाही. ताटावर बसून त्यानं सांगतलं होतं, भाजीत मीठ कमी हाय सांगावं तसं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच घोर, कागद होण्याच्या आधी घर सोडून डोईफोडियाले माहेरी जाऊ, का इथंच राहू. राहिले तर रोज त्याच्या समोर जीव मुठीत. गेले आणि माझ्या पोरांपैकी तनू नाहीतर गोलू इथं अडकला तर? माझी माय म्हणे निघ. तुम्ही म्हणत होत्या हलायचं नाही. मी दोघींवर बी संशय घेतला, मायवर कमी, तुमच्यावर जास्त.

बॅगेचं आठवते का? त्यानं तसं सांगतलं त्याच दिवशी मी बॅग भरली. माझ्या साड्या, तनूचे फ्रॉक, गोलूचे झबले. सकाळी गोलूले पाजून उठले तर बॅग रिकामी, आणि सगळे कपडे मोठ्या बादलीत साबणाच्या पाण्यात. तुम्ही आंगणात पाटावर बसून माझीच साडी घासून राहिल्या होत्या.

मी म्हटलं, "आत्या, हे धुतलेलेच होते."

"असतील. माझं मन झालं."

"मले गाडी पकडायची हाय."

"मंग पकड. वल्ल्या साड्या घेऊन जाय. डोईफोडियावाले म्हणतील, पोरगी तापीतून पोहत आली."

शेजारची काकू भिंतीवरून हसली. मी रागानं रडत बसले आणि तुम्ही दोरीवर एकेक कपडा असा ताणून वाळत घातला, जसं काही सण हाय. मले वाटलं, हिले सून नाही पाहिजे, हिले कामवाली पाहिजे. तुमचे हात कापायले लागले होते तेव्हा. मांड्याची ऑर्डर तुमच्या नावावर यायची पण मांडा हातावर मीच फिरवत होते.

खरं सांगते, तुमच्यासोबत जे काही बोलले ते त्या खापरापाशीच बोलले. मांडा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत मोठा करायचा आणि फाटायच्या आत उलट्या खापरावर टाकायचा, हात गुंतलेले राहतात, तोंड मोकळं. एकदा मी विचारलं, "आत्या, तुम्ही त्याले काहून नाही समजावत?"

"समजावलं. त्याले कान नाहीत. त्याच्या बापाले बी नव्हते."

"मंग मले काहून अडवता?"

"तू गेली तर मांडे कोण करंल?"

आणि हसल्या. ती मस्करी होती का खरं होतं? मी तुमच्या तोंडाकडं पाहत राहिले आणि माझा मांडा फाटला, तर तुम्ही म्हणाल्या, "पाहा, अर्ध्यात लक्ष काढलं की असं होतं." तेही मले टोमण्यासारखंच लागलं.

त्यानं ताट फेकलं तो दिवस. वरणात केस निघाला म्हणून. ताट भिंतीवर, वरण तनूच्या वहीवर, पोरगी फ्रॉकनं वही पुसायले लागली. तुम्ही उठल्या, चुलीवरचं वरणाचं पातेलं उचललं, गल्लीत नेऊन कुत्र्यापुढं उलटं केलं आणि आत येऊन म्हणाल्या, "आज या घरात कोणी जेवणार नाही." पोरांले तुम्ही केळी दिली. तुमचा लेक उपाशी निजला, तुम्ही उपाशी, मी बी उपाशी. मले कळलंच नाही, ती शिक्षा कोणाले होती. त्याले म्हणावं तर माझ्या पोटात काहून कावळे? सकाळी माझ्या उशापाशी दराब्याचा डबा ठेवलेला होता, बाळंतपणात मी चोरून खायची तोच रवा-तुपाचा गोड दराबा. कोणी ठेवला ते तुम्ही सांगतलं नाही आणि मी विचारलं नाही. पण खाल्ला. पोटभर.

त्यानंतर तुम्हीच म्हणाल्या, बांगड्या भरायले चल. तनूले सुट्टी होती, तीही आली. बांगड्यांच्या गल्लीत न वळता रिक्षा सरळ कोर्टाकडं गेली आणि मी घाबरले, मले वाटलं इथं आणून माझा अंगठा घेतात का काय. आत एक वकील मॅडम होत्या, गरीब बायांले फुकट सांगणाऱ्या. भराभर बोलल्या, अर्धं माझ्या डोक्यावरून गेलं. जे कळलं ते एवढं, की हे घर तुझं बी हाय, कोणी हात धरून काढू शकत नाही. त्यानं हात उचलला तर मात्र थांबायचं नाही, त्याच मिनिटाले निघायचं. आणि कधी बी निघाली तर पोरं सोबत, आणि कुठं काहून जाते ते सांगून. तुम्ही दाराशी पदर डोक्यावर घेऊन बसलेल्या. उठता उठता तुम्ही विचारलं, "आणि मॅडम, पोर मागं राहिलं तर?"

मॅडम म्हणाल्या, "मिळतच नाही असं नाही, आजी. पण जितका वेळ जातो तितकं कठीण. समोरचा म्हणतो, पोर इथंच रमलं, राहू द्या."

तुम्ही मान हलवली. रिक्षात मी तुम्हाले दोनदा हाक मारली, तुम्ही ओ दिली नाही. मंग बांगड्या भरल्या, घरी दाखवायले पाहिजे म्हणून. वर तुम्ही बांगडीवाल्याशी भांडल्या, की पोरीचा हात काही पाईप नाही, हळू चढव.

आणि मंग एक दिवस तुमचा लेक मले म्हणतो, "कोर्टात भरतात का आजकाल बांगड्या?"

कोणी सांगतलं? गेलो तर आपण तिघीच होतो. मी तुम्हाले तोंडावर विचारलं.

"मी काहून सांगू?"

"तुमचा लेक हाय म्हणून."

"हो," तुम्ही म्हणाल्या, "हाय." आणि तांदूळ निवडायले लागल्या. बस. एवढंच. हो म्हणजे काय? सांगतलं म्हणून हो, का लेक हाय म्हणून हो? त्या दिवसापासून मी तुमच्याशी मीठ कुठं हाय, गॅस संपला का, एवढंच बोलले. आणि त्यातच एका दुपारी तुम्ही म्हणाल्या, छातीत जळजळ करते, जरा पडते. मी ओव्याचं पाणी करून आणलं तोवर तुम्ही गेल्या होत्या. पाणी हातात राहिलं आणि विचारायचं बी राहिलं.

कोर्टात त्या दिवशी मॅडमनं तनूले टॉफी दिली होती. तेही कधी कधी मनात येतं. पोरगी बापाले टॉफीचं सांगंल, मंग कुठं मिळाली ते सांगंल. पण मी तिले विचारलं नाही आणि विचारणार बी नाही. तिनं सांगतलं असंल तर जन्मभर तिच्या डोक्यावर राहील. त्यापेक्षा तुमच्यावरच राहू द्या. तुम्ही आता काही म्हणणार नाही.

तुम्ही गेल्यावर तुमचा लेक एकदम गोड झाला. तुम्हाले माहीतच हाय, राग आला की तो मराठीत बोलतो आणि काम असलं की हिंदीत. मले म्हणे, "तू बहुत थक गई है. तेरहवीं के बाद गजूभाई को बुला लेते हैं, दुखवटा हो जाएगा, कुछ दिन मायके में आराम कर." माझ्या भावाले फोन बी यानंच केला. आपल्यात दुखवट्याची रीत तर हायच, घरात कोणी गेलं की सुनेचे माहेरचे साडी घेऊन येतात, तिले घरी नेतात, गोड खाऊ घालून शोक मोडतात. नेणारे माहेरचे आणि आणायले जाणारे सासरचे. बाई आपली आपण परत येत नाही, ते बरं दिसत नाही. मले दर खेपेले आणायले तुम्ही येत होत्या, नाहीतर तुम्ही कोणाले तरी पाठवत होत्या. आता कोण येणार, हे कोणीच बोलून नाही राहिलं.

वरतून म्हणे, "तनु का स्कूल है, वो यहीं रहेगी. मंगला देख लेगी. छोटे को ले जा."

एवढं गोड, एवढं सोयीचं. मी पुढचं डोळ्यासमोर आणलं. नवी साडी नेसून, गोलूले कडेवर घेऊन, गल्लीसमोर भावासोबत रिक्षात बसायचं. कोणी म्हणू शकत नाही की काढली. सगळे पाहतील, आपल्या पायानं गेली.

पण मंग दुसरं बी मन होतं, आत्या, ते तुमच्यापासून काय लपवू. जीव म्हणे जाय. तिथं माय हाय, मोकळा श्वास हाय, कोणी ताट फेकणार नाही. ताटाच्या पुढं हात असतो, हे मले कळते. मी एकदा बॅग काढली बी होती, आणि मंग बादलीकडं पाहत उभी राहिले, रिकामी होती.

मंगलाताई तेरवीची भांडी पुसत होती. मी तिले घाबरतच म्हटलं, "ताई, मले आणायले कोणी आलंच नाही तर?"

ती हसली. म्हणे, "तू बी. त्यात काय एवढं? बाई बी गेली होती ना दुखवट्याले जसोंडीले, तिच्या माहेरी, आमची आजी मेली तेव्हा. बाबानं कोणाले पाठवलंच नाही आणायले. शेतात केळी लावली तेव्हा गेली आणि घड कापायले आले तेव्हा आली. आपली आपण आली एक दिवस. मी लहान होते, मले इथंच ठेवलं होतं. मी तिले मावशी म्हणत होते म्हणे, लई दिवस. सगळे हसायचे."

"आणि आत्या?"

"बाई काय, तीही हसत असंल. म्हणून म्हणते, जाऊन ये. काही होत नाही. बाई नाही का आली परत?"

आत्या, ताई तुम्हाले नेहमी बाईच म्हणायची. कितीक घरात म्हणतात, म्हणून मी कधी मनावर घेतलं नाही. तुमचा लेक तर तुम्हाले आई म्हणायचा. तो तुम्ही परत आल्यावर झालेला. मी तिथं ओट्याले धरून उभी राहिले. ताई ताट पुसत होती, तोंड साधं, डोळे साधे. तिनं हे मले जावं म्हणून सांगतलं, हे तर खरं. तिच्या भावानं शिकवून पाठवलं का, तेही असंल. पण मले भलतंच ऐकू आलं. मले ऐकू आलं, आणि मॅडम, पोर मागं राहिलं तर?

मंग मले तुमचा राग आला, पहिल्यापेक्षा जास्त. एवढे मांडे केले आपण समोरासमोर बसून. एक शब्द सांगतला असता तर मी कपडे भिजवल्याबद्दल रडले नसते. नवऱ्याची बदनामी नको वाटली का? का पोरीसमोर ते हसणं परत ऐकायचं नव्हतं? का मी चुकते, आणि तुम्ही खरंच नातवासाठीच मले धरून ठेवलं, आणि ती जुनी गोष्ट जुनीच हाय? मी अजून पक्कं काही म्हणत नाही. तुम्ही गेल्या म्हणून मी भोळी झाले, असं समजू नका.

परवा गजूभाऊ आला. साडी, मावा जिलेबी, सोबत मायनं बांधून दिलेलं पुरण. आल्या आल्या माझ्याकडं न पाहता तुमच्या लेकाले राम राम. रिक्षा दारात उभीच होती, ती बी तुमच्या लेकानंच बोलावलेली. तनूले त्यानं शाळेचा ड्रेस घालून बसवलं होतं, आणि त्या दिवशी रविवार होता, आत्या. पोरगी ड्रेस घालून रविवारी खाटेवर बसलेली.

मी पाट मांडले. गजूभाऊ म्हणे, "अगं, बसायचं नाही. घरी माय थांबली हाय. उशीर होईल."

"भाऊ, दुखवटा इथंच करू."

"इथं? असं असतं का कुठं?"

तुमचा लेक म्हणे, "पागल है क्या, दुखवटा मायके में होता है. लोग क्या बोलेंगे."

मी म्हटलं, "मी जाते. एक सांगा, आणायले कोण येणार?"

गजूभाऊनं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं रिक्षावाल्याकडं पाहिलं.

"आ जाएगा कोई भी."

"कोण?"

"मैं आऊंगा ना."

"कधी?"

"देखेंगे."

रिक्षावाला बाहेरून म्हणे, "भैया, सवारी है कि नहीं? मैं भी देखूँ फिर." ताईले हसू आलं, तिनं पदर तोंडाशी धरला. आणि मले त्या 'देखेंगे'मध्ये सगळं दिसलं, तनूचा रविवारचा ड्रेस बी.

मी म्हटलं, मी नाही जात. म्हणजे एवढं सरळ नाही निघालं तोंडातून. मी रडतच होते, नाक पुसत होते, गोलू पदर ओढत होता, आणि मी जे बोलले ते असं काहीतरी बोलले की, तुम्हाले फारकत पाहिजे, तर कोर्टात टाका, मले तारीख सांगा, मी येईन. मले बी या घरात सुख नाही. पण निघायचं त्या दिवशी मी दोन्ही पोरं घेऊन, दिवसाउजेडी, गल्लीले सांगून निघेन. जेवायचं निमित्त करून नाही. आणि हात उचलला तर आजच, आत्ताच, याच भावासोबत. भाऊ, तुम्ही ऐकून ठेवा.

त्यानं हात उचलला नाही. मराठीत शिवी दिली आणि रिक्षा परत पाठवली.

गजूभाऊ हळूच म्हणे, "मले खाली मान घालायले लावली तू. तो फोनवर इतका चांगला बोलत होता."

"हिंदीत बोलत होता ना?"

"हो."

"मंग जेवा."

मी केळीची पानं मांडली, साडी खांद्यावर घेतली, भावानं मले जिलेबीचा घास दिला. असा दुखवटा आपल्या गल्लीत कोणी पाहिला नसंल, सासरच्या घरात, गेलेल्या माणसाच्या फोटोसमोर. ताई आधी दारातच उभी होती. मंग आली, माझ्या बाजूले बसली आणि तनूले मांडीवर घेऊन म्हणे, "हिचा ड्रेस बदल आधी, पाक सांडंल." बस, एवढंच बोलली. ती कोणाच्या बाजूनं हाय तेही मले माहीत नाही.

जेवून गजूभाऊ निघाला. मी त्याले कोपऱ्यापर्यंत सोडायले गेले. कोपरा तर इथंच हाय, पण मी गोलूले कडेवर घेतलं आणि तनूचा हात धरला. भाऊ म्हणे, "पोरांले काहून उन्हात आणते?" मी म्हटलं, असंच. तो गेला. जाताना त्याचे डोळे भरले होते, आणि मले पहिल्यांदा वाटलं की यानं फसवलं नाही, हाच फसला.

वळून आलो तर दार लावलेलं. आत्या, दिवसा आपलं दार कधी लावलेलं नसतं. मी थांबले. हवेनं लागलं असंल, ताईनं कुत्र्यासाठी लावलं असंल, मले काय माहीत. माझा हातच वर जाईना. तनूनं माझा हात सोडला आणि दोन्ही हातांनी दार वाजवायले लागली, "पप्पा, आम्ही आलो. पप्पा, दार उघडा. गोलूले शू आली." आख्खी गल्ली पाहत होती. मंग कडी वाजली. तो दारात उभा राहिला, माझ्याकडं पाहिलं नाही, पोरांकडं पाहिलं, आणि बाजूले झाला.

मी आत आले, गोलूले मोरीकडं नेलं, आणि तिथं उभी राहून मले तुमचाच विचार आला. पुढं काय होईल मले माहीत नाही. कोर्ट काय म्हणेल, मी किती दिवस तग धरेन, माहीत नाही. तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास अजून बी बसला नाही. पण माझी दोन्ही पोरं माझ्यासोबत बाहेर होती, म्हणून दार उघडलं. तुम्ही जसोंडीहून आल्या तेव्हा तुमचं पोर आत होतं, आणि ते तुम्हाले ओळखत बी नव्हतं. तुमच्यासाठी दार कोणी उघडलं होतं, आत्या?